सोमी शाळेत का येईनाशी झाली

बाई,

परवा भिसेगावला, तुम्ही गेल्यानंतरच्या तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. तुमच्या अनिलने हाताला धरून पुढे नेलं आणि म्हणाला, "गुरुजी, आईबरोबर एका शाळेत इतकी वर्षं काढलीत, तुम्हीच बोला." मुख्याध्यापकाला बोल म्हटल्यावर तो थांबतोय थोडाच! चांगली पंधरा मिनिटं बोललो. तुमचं फळ्यावरचं वळणदार अक्षर झालं, सकाळची चौक गावाला जाणारी एसटी गाठण्यासाठी तुमची ती धावपळ झाली, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून हाताला धरून आणलेली पोरं झाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कार्यक्रम उरकल्यावर अनिल म्हणाला, "तुमच्याइतकं आईला कुणी ओळखलं नव्हतं." मी मान डोलावली. ती खाली घालायला हवी होती.

कारण पंधरा मिनिटांत मी सोमीचं नाव एकदाही घेतलं नाही. सोमी शाळेत का येईनाशी झाली, हे तुम्ही शेवटपर्यंत विचारत राहिलात. स्वतःला, तिला, कधी मलाही. उत्तर माझ्याकडे होतं. ते पोटात ठेवून मी तुमच्यासमोर वर्षानुवर्षं चहा पीत बसलो. आता तुम्हाला ऐकू येणार नाही तेव्हा लिहायला बसलोय, यात माझं शौर्य केवढं ते तुम्ही ओळखालच.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा आपल्या रायगड जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच होतं. मी शिस्तीचा माणूस. शाळा कशी, तर रांगेत लावलेल्या चपलांसारखी. तुम्ही आल्या आल्या माझ्या रांगा मोडायला सुरुवात केलीत. काही वर्षांनी चौथीचा वर्ग तुमच्याकडे आला, तो पाच पायऱ्या चढून वरच्या खोलीत भरायचा. तुमच्या वर्गात पोलिओने दोन्ही पाय गेलेला दामू होता, त्या पायऱ्या तो रोज हातांवर चढायचा. तुम्ही म्हणालात, चौथी खाली आणू, पहिली वर नेऊ. मी म्हटलं, "एका पोरासाठी सगळं बिऱ्हाड हलवायचं?" दुसऱ्या दिवशी मी शाळेत आलो तर पहिलीची चिल्लीपिल्ली वर बसून पाढे ओरडत होती आणि दामू खालच्या खोलीत फळ्यासमोर ऐटीत बसला होता. "हलवलं गुरुजी बिऱ्हाड," तुम्ही म्हणालात, "अर्धा तास लागला." मी आठ दिवस फुगून होतो. नंतर मलाच पायऱ्यांपाशी थांबून दामूची वाट बघायला लागत नाही म्हणून बरं वाटू लागलं, पण ते तुम्हाला कधी बोललो नाही.

तुम्ही माझ्याशी भांडायचात, आणि मला ते आवडायचं. हेही बोललो नाही.

सोमी डोंगराच्या पायथ्याच्या त्या आदिवासी वाडीतली. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. दिवाळी झाली की तिचा बाप सगळं बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जायचा. पोरगी चौथीपर्यंत पोचली ती तुम्ही दर दिवाळीला वाडीवर जाऊन बापाशी वाद घालायचात म्हणून. तो म्हणायचा, "बाई, शिकून काय करायचंय तिला?" तुम्ही म्हणायचात, "ते तीच ठरवेल. तू तिला आजीपाशी ठेव, बाकी मी बघते." आणि तो ठेवायचा. तुमच्या शब्दाला त्या वाडीत माझ्या शिक्क्यापेक्षा वजन होतं.

आणि इतकं करून पोरीला वाचता येईना. काल ओळखलेला 'ग' आज तिला परका वाटायचा. तीनचा आकडा उलट्या तोंडाचा काढायची. तुम्ही तिला जवळ घेऊन विचारलंत तेव्हा म्हणाली होती, "बाई, अक्षरं हालतात." मी ते ऐकून म्हटलं होतं, "अक्षरं नाही, डोकं हलतंय तिचं." माझी विनोदबुद्धी तेव्हा अशी जोरात होती.

पण कानावर पडलेलं ती विसरत नसे. धडा एकदा वाचून दाखवलात की दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा म्हणायची, तुम्ही जिथे श्वास घेतला तिथे श्वास घेऊन. एका पाटीतल्या जांभळांचे द्रोण किती होतील, हे मी फळ्यावर मांडायच्या आत सांगायची. तुम्ही पत्र्याच्या ताटात चुलीतली राख पसरून तिला बोटाने अक्षरं गिरवायला लावलीत. प्रश्न शेजारच्या मुलीने वाचायचा, उत्तर सोमीने सांगायचं आणि ते तुम्ही लिहून घ्यायचं, अशी पद्धत बसवलीत. सहामाहीला तिचा पेपर माझ्याकडे आला तो अख्खा तुमच्या अक्षरात. मी त्यावर लाल शाईने शून्य काढलं आणि म्हटलं, "अक्षर तुमचं आहे बाई. पास करायचं तर तुम्हाला करावं लागेल."

तुम्ही हसला नाहीत. माझ्या टेबलावरचा चष्मा उचलून बाजूला ठेवलात आणि हजेरीपट माझ्यापुढे धरलात.

"वाचा."

"चष्म्याशिवाय कसं वाचू?"

"मग नापास," तुम्ही म्हणालात आणि चष्मा परत न देताच वर्गावर निघून गेलात. दारात उभी असलेली पोरं खिदळली. माझा चष्मा मला चाचपडत शोधावा लागला.

वाद मात्र मिटला नाही. तिची वार्षिक परीक्षा तोंडी घ्या, असा तुमचा हट्ट. माझं नेहमीचं पालुपद, की ते माझ्या अखत्यारीत नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी लिहून दिलं तर बघू. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. तपासणीला साहेब येतील तेव्हा सोमी त्यांच्यासमोर धडा बोलून दाखवेल. मग तरी?" मी म्हटलं, "मग तरी." आणि तुम्ही कामाला लागलात. रोज मधल्या सुट्टीत तिला फळ्यापाशी उभं करून बोलायला लावायचात. आधी ती भिंतीकडे तोंड करून बोलायची. मग खिडकीकडे. महिन्याभराने वर्गाकडे तोंड करून बोलू लागली, तेव्हा दामूने टाळ्या वाजवल्या होत्या.

तपासणीची एक चाल आपल्याकडे होती. ती कुठल्या कागदावर नव्हती, पण सगळ्या शाळांत चालायची. तांदळातले खडे वेचावेत तशी आदल्या दिवशी मुलं वेचायची. तोतरा बोलतो तो, कमी ऐकू येतं ती, अजून पाटी कोरी आहे तो. "उद्या साहेब येणार आहेत, तू घरी राहा." हजेरीपटावर नावापुढे 'आजारी'. पोरं खूश, कारण सुट्टी मिळाली. परवा पुन्हा वर्गात. कुणाचं काही बिघडत नाही, असं आम्ही म्हणायचो. मी उमेदवारीत ही चाल शिकलो आणि मुख्याध्यापक झाल्यावर चालवली.

तुम्हाला ती ठाऊक होती आणि तुमच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तुम्ही स्वतः दाराबाहेर बसून शिकलेल्या. लहानपणी तुमच्या गावच्या शाळेत तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेत नसत, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही भांडताना. "बाहेरून फळा कसा दिसतो ते मला विचारा, गुरुजी." मग म्हणालात, "या वर्षी माझ्या वर्गातलं एकही मूल घरी राहणार नाही. शब्द द्या." मी दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही एसटी गाठायला निघालात. सोमी मागे राहिली होती. वर्ग सारवायचं काम तिने आपणहून घेतलं होतं, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरणही तिनेच बांधलं होतं. मी कौतुक केलं. मग कुणास ठाऊक काय मनात आलं, फळ्यावर तुम्ही 'सुस्वागतम्' लिहून ठेवलं होतं त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "वाच बघू." तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला मागल्या वर्षीचा शेरेबुकातला शेरा आठवला, 'वाचन असमाधानकारक'. साहेब तिला बोलायला कशाला लावतील? पुस्तक हातात देऊन वाच म्हणतील. सगळ्या शाळेवर पुन्हा तोच शेरा.

"सोमे, उद्या तू येऊ नकोस."

"उद्या सायेब येनार ना?"

"म्हणूनच."

"बाई बोलल्या, मी धडा बोलायचा."

"बाईंना मी सांगतो. तू त्यांना काही सांगायचं नाहीस. कधीच नाही. कळलं?"

"नाय सांगनार."

ती परत सारवायला वाकली. खोलीचा कोपरा राहिला होता तो तिने पुरा केला. मग उठून विचारलं, "परवा येऊ?"

साहेब कधीकधी दोन दिवस मुक्काम करत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "मी बोलावीन तेव्हा ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून आलात. मुलांना बसवलंत आणि दाराकडे पाहिलंत. कविता झाली, पाहिलंत. पाढे झाले, पाहिलंत. साहेब भला माणूस निघाला. कुणालाही वाच म्हणाला नाही, तोंडीच विचारत राहिला. दामूला जवळ बोलावण्याऐवजी स्वतः उठून त्याच्यापाशी गेला. पोहे खाताना तुम्ही धीर करून विचारलंत, "साहेब, एखाद्या मुलाला अक्षरं लागत नसतील, पण तोंडी सगळं येत असेल, तर परीक्षा तोंडी घेतली तर चालेल का?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. "असं मूल आहे का? मग दाखवा ना."

तुम्ही पुन्हा दाराकडे पाहिलंत. "आज आली नाही," तुम्ही म्हणालात.

"मग कसं बोलणार? मूल बघितल्याशिवाय नुसतं हवेत काय लिहून देऊ?" साहेब म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. शेरेबुकात 'समाधानकारक' पडलं. मी ते दोनदा वाचलं. शेजारी तुम्ही उभ्या होतात, तुमच्याकडे बघायचं मात्र धाडस झालं नाही.

मी तिला परवा बोलावलं नाही. तेरवाही नाही. तुमचा चेहरा पाहिल्यावर मला भीती बसली, की ती आली तर तुम्ही विचाराल आणि ती सांगेल. थोडं थंड होऊ दे, मग बोलावू, असं म्हणत आठवडा गेला. त्या आठवड्यात तुम्ही शाळा सुटल्यावर उन्हातून वाडीवर गेलात. परत आलात ते थेट माझ्या टेबलासमोर बसलात.

"मला बघून ती रानात पळाली हो, गुरुजी."

तिची आजी तुम्हाला म्हणाली होती, "पोरगी काय बोलत नाय, बाय. शाळंचं नाव काढलं का बाहेर पळते."

"मीच तिला फार रेटलं," तुम्ही म्हणालात. "रोज उभं केलं, बोल बोल म्हणून. साहेबांच्या भीतीने गेली ती. माझी हौस त्या पोरीला नडली."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. एवढंसं. त्याऐवजी मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका, बाई. त्या मुलांचं असंच असतं."

तुम्ही मान वर करून विचारलंत, "त्या मुलांचं म्हणजे?" एरवी तुम्ही मला सोलून काढलं असतंत. त्या दिवशी पदराने तोंड पुसून उठलात. होळीला तिचा बाप आला. शाळेत जात नाही तर इथे कशाला ठेवायची, म्हणून तिला भट्टीवर घेऊन गेला.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी भांडेनाशा झालात. काम सोडलं नाहीत. राखेचं ताट तसंच होतं, कमी ऐकू येणारी पोर तुमच्या टेबलाला चिकटूनच बसायची. पण एखादं मूल अडखळलं की तुम्ही म्हणू लागलात, "नाही जमत? बरं, राहू दे." तुमच्या तोंडी 'राहू दे' मी त्याआधी ऐकलं नव्हतं. हे मी केलेलं आहे, हे मला दर वेळी कळायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात ते वर्षानुवर्षं पडलेलं होतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी एक केलं. तिसरीतल्या एका मुलीचे हात थरथरायचे, लेखणी धरवत नसे. मी तिची परीक्षा तोंडी घेतली आणि माझ्या सहीने निकाल लावला. कुणाला विचारलं नाही, कुणी मला विचारलं नाही. अखत्यारी माझीच होती, पहिल्यापासून. तुम्ही त्या दिवशी मला डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढलीत आणि म्हणालात, "सोमीच्या वेळी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं." टोमणा नव्हता तो. मी चटणीचं कौतुक करत विषय बदलला.

शेवटचा मी दिवाळीनंतर, तुमच्या आजारपणात तुम्हाला बघायला आलो होतो, मोसंबी घेऊन. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. आवाज बारीक झालेला. म्हणालात, "सोमी भेटते मला कर्जतच्या बाजारात. भाजी विकते. वजन डोक्यात, हिशेब तोंडी, एक चूक नाही. दर वेळी विचारते तिला, का गं शाळा सोडलीस? हसते नुसती आणि माझ्या पिशवीत चार काकड्या जास्तीच्या टाकते." मग थोडं थांबून म्हणालात, "तेवढं एक टोचतं बघा, गुरुजी. माझं काय चुकलं ते कळलं नाही."

अनिल आत चहा करत होता. खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही, बाई."

"तुम्ही म्हणता म्हणून बरं वाटतं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

बाई, मी खरं तेच बोललो आणि तरी तुम्हाला फसवलं. तुम्हाला वाटलं, गुरुजी समजूत घालतायत. अर्धं सांगितलं की असंच होतं. पुढचं अर्धं जिभेवर होतं, इतक्यात चहा आला आणि मी कप उचलला. उठताना ठरवलं, की पुढच्या खेपेला सांगायचं. पुढच्या खेपेला आलो ते भाषण करायला.

भाषण झालं आणि मी चपला शोधत दाराशी आलो, तर उंबऱ्याबाहेर एक बाई बसलेली. डोक्यावर पदर, शेजारी रिकामी पाटी, बाजारातून थेट आलेली. आत बसायला जागा होती, सगळे तिला आत बोलावत होते, ती आपली बाहेरच. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं.

"गुरुजी, मी सोमी."

मी चपला शोधायचं सोडून तिच्याकडे वळलो. तीच हळू आवाजात, आजूबाजूला बघत म्हणाली, "मी बाईंना नाय सांगितलं."

"काय?"

"तुमी बोललेलं ना, कंदी सांगू नको. बाई लई इचारायच्या. बाजारात दर टायमाला. रडू यायचं मला. पन नाय सांगितलं." मग ती हसली, तुम्ही सांगत होतात तशीच. "मी लई दिस वाट बगितली, गुरुजी. तुमी बोलवाल म्हनून. भट्टीवर गेली तरी आजीला सांगून ठेवलेलं, गुरुजींचा निरोप आला का मला कलव."

जिच्या डोक्याची मी थट्टा केली, जिच्या पेपरावर शून्य काढलं, तिने माझा एक शब्द इतकी वर्षं सांभाळला. आणि मी तुम्हाला दिलेला शब्द एक दुपारही सांभाळला नाही.

आत तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती होती. सोमीने तिकडे पाहिलं आणि विचारलं, "आता सांगू का त्यांना?"

मी म्हटलं, "तू नको. मी सांगतो."

तिचा हात धरून मी तिला उंबऱ्याच्या आत आणली आणि तुमच्या फोटोसमोर बसवली. अनिल बघत होता, भिसेगावची सगळी मंडळी बघत होती. मी पंधरा मिनिटं बोलणारा माणूस, मला सुरुवात सापडेना. सोमीच मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोला ना, गुरुजी. भिऊ नका." तुम्ही तिला असंच म्हणायचात, फळ्यापाशी उभी करून. मग मी सगळ्यांसमोर तुमच्या फोटोला सांगितलं, तेच इथे लिहितो.

बाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. ती येत होती. तिला येऊ नको म्हणून मी सांगितलं होतं.